दोन गुंठ्यांत उभा राहणारा एकर

दिवाळीच्या आगेमागे निफाड, चांदवड, येवला, देवळा या भागातून जाताना जवळपास प्रत्येक शेतात एक कोपरा वेगळा दिसतो. विहिरीजवळचा किंवा शेततळ्याच्या अंगाचा, बांधावरून सहज नजर पोचेल असा, भोवतालच्या रानापेक्षा जास्त निगुतीने राखलेला. तिथे उन्हाळी कांद्याचं उळं, म्हणजे रोप, टाकलेलं असतं. जागा जेमतेम दोन गुंठे. पण मका काढून नांगरून ठेवलेलं एकरभर रान याच दोन गुंठ्यांवर अवलंबून असतं.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कांद्याची लागण दोन ओळींत पंधरा आणि दोन रोपांत दहा सेंटीमीटर अंतर ठेवून करायची, ही शिफारस. या अंतराने एकरात साधारण २ लाख ६६ हजार रोपं बसतात. एका ग्रॅममध्ये कांद्याचे अडीचशे ते तीनशे दाणे भरतात, म्हणजे किलोत अडीच ते तीन लाख. कागदावर पाहिलं तर किलोभर बी एकराला पुरायला हवं. शिफारस मात्र हेक्टरी आठ ते दहा किलोची आहे, एकरी तीन ते चार किलो. त्यातले सहा लाखांच्या आसपास दाणे जातात कुठे? काही उगवतच नाहीत. काही उगवून कोलमडतात, काही तणात दबतात, काही इतके दाट पडतात की काडीसारखे बारीक राहतात आणि लागणीच्या दिवशी बांधावर टाकले जातात. उरलेले काही लावल्यावर जीव धरत नाहीत. पुढच्या पानांचा विषय ही गळती आहे.

कृषी पुस्तिकांत रोपवाटिका, तण नियंत्रण आणि रोग नियंत्रण अशी तीन वेगळी प्रकरणं असतात. शेतात ती वेगळी राहत नाहीत. वाफ्यावर दाट पडलेल्या बियाण्यात मर, म्हणजे रोपं कोलमडण्याचा रोग, लवकर पसरते. अर्धवट कुजलेलं शेणखत तणाचं बी घेऊन येतं. तणाने भरलेल्या वाफ्यात हवा खेळत नाही, दव सकाळी उशिरापर्यंत पातीवर राहतं आणि त्या ओलीत करप्याचे बीजाणू रुजतात. मग करप्यावर औषध मारायला जो पंप उचलला जातो तो कालच तणनाशकाला वापरलेला असतो आणि नीट धुतलेला नसतो. नुकसान होतं पहिल्या काही आठवड्यांत. खिशातला पैसा बाहेर पडतो तो मात्र पात पिवळी दिसायला लागल्यावर. या प्रस्तावनेचा सगळा रोख या दोन तारखांमधल्या अंतरावर आहे.

कांदा इथे निवडला तो त्याच्या भावाच्या बातम्यांमुळे नव्हे. त्या बारा महिने येतच असतात. महाराष्ट्रात कांद्याचं रोप वर्षातून तीनदा टाकलं जातं. खरिपाचं मे-जूनमध्ये, रांगड्याचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि उन्हाळीचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकच पीक तीन वेगळ्या हवामानांत वाढतं आणि प्रत्येक वेळी त्याचा शत्रू बदलतो. खरिपाचं रोप पस्तीस ते चाळीस दिवसांत लागणीला येतं, उन्हाळीचं पन्नास-पंचावन्न दिवस घेतं. शिवाय या पिकावरचं बरंच काम याच मातीत झालं आहे. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेला एन-२-४-१ हा वाण आजही उन्हाळी कांद्यात घरोघरी माहीत आहे. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेलं राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९८ मध्ये राजगुरुनगरला हललं, २००८ मध्ये त्याचं संचालनालय झालं आणि भीमा मालिकेतले वाण तिथून बाहेर पडले.

सुरुवात बियाण्यापासून करावी लागते, कारण कांद्याचं बी फार अल्पायुषी असतं. साध्या खोलीत, दमट हवेत ठेवलेलं बी वर्षभरात उगवणशक्ती गमावून बसतं. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवणीची अट आहे. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या पिशवीतही शंभरातले तीस दाणे निकामी असू शकतात हे आधीच धरलेलं. ताजं बी मिळायचं तर आदल्या हिवाळ्यात कुणीतरी निवडक कांदे लावून डोंगळे धरलेले असावे लागतात, त्यांच्या फुलांवर मधमाश्या यायला लागतात, आणि एप्रिल-मेपर्यंत गारपीट व्हायला नको. डोंगळे फुलावर असताना कीटकनाशकाचा फवारा मारला की माश्या फिरकत नाहीत आणि गोंडे पोकळ राहतात. अवेळी पावसाने हा सगळा खेळ किती सहज उधळतो ते २०२० मध्ये दिसलं. बियाण्याची टंचाई एवढी वाढली की केंद्र सरकारने त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घातली.

हाती आलेलं बी उगवेल की नाही हे पाहायला शेतकऱ्याच्या हातात एक अगदी बिनखर्ची चाचणी आहे. पुडी फोडली की शंभर दाणे मोजायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचे, फडकं वाळू द्यायचं नाही आणि बाराव्या दिवशी कोंब मोजायचे. ही चाचणी करणारे थोडे. न केल्याबद्दल हळहळणारे पुष्कळ. बियाण्यातली फसवणूक उगवणीत कळली तर ती स्वस्तात कळली म्हणायची. भेसळ मात्र चार महिन्यांनी कळते, कांदा पोसताना, जेव्हा एकाच सऱ्यात लाल, फिकट, जोड आणि डेंगळे असे सगळेच निघू लागतात.

उगवण जवळून पाहिली पाहिजे. कांद्याचा कोंब सरळ वर येत नाही. तो मधोमध दुमडलेला असतो आणि वाकलेल्या पाठीने माती फोडतो. टोक अजून खाली, बियाण्याच्या टरफलातच अडकलेलं असतं, उरलेलं अन्न शोषून घेत. एक-दोन दिवसांनी ते टोक मातीतून सुटतं, कोंब सरळ होतो आणि काळं टरफल शेंड्यावर घेऊन उभा राहतो. या नाजूक वेळेत वाफ्यावर मातीची खपली धरली असेल किंवा बी दीड सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं असेल, तर कोंबाची ताकद मातीतच संपते. म्हणून बी झाकायला माती न वापरता चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत वापरतात. वर भाताचा पेंढा किंवा वाळलं गवत पसरतात आणि पहिले कोंब दिसताच ते संध्याकाळच्या वेळी उचलून घेतात. दोन दिवस उशीर झाला तर रोप पेंढ्याखाली पिवळं आणि लांबुळकं होतं, आणि असं रोप पुढे कधी सावरत नाही.

मर नेमकी इथेच गाठते. रोपाचा मातीलगतचा भाग पाणचट होतो, दोऱ्याएवढा बारीक होतो आणि वरची हिरवी पात जशीच्या तशी असताना रोप आडवं पडतं. आदल्या दिवशी तळहाताएवढी दिसलेली मोकळी जागा दुसऱ्या सकाळी ताटाएवढी झालेली असते. ही मर डोळ्यांना दिसते तरी. तिची दुसरी तऱ्हा दिसतच नाही: दाणा फुटतो, मूळ बाहेर येतं, आणि कोंब वर येण्याआधीच मातीत सडतो. मग उगवण कमी झाली म्हणून दुकानदाराशी वाद होतो. कित्येकदा बी चांगलं असतं आणि दोष वाफ्याचा असतो.

मरीमागे एकच जंतू नसतो. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम, स्क्लेरोशियम अशी मोठी टोळी आहे. त्यातल्या पिथियमचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून सपाट वाफ्यात पाटाने भरपूर पाणी सोडणं म्हणजे रोगाला रस्ता करून देणं. फ्युजॅरियमचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात; वर्षानुवर्षं सोयीच्या त्याच कोपऱ्यात रोप टाकणाऱ्याला याची किंमत कळते.

गादीवाफ्याची शिफारस या सगळ्यातून आलेली आहे आणि तिच्या प्रत्येक मापाला कारण आहे. उंची दहा ते पंधरा सेंटीमीटर, कारण तेवढ्याने मुळांभोवतीचं जादा पाणी निथळतं. रुंदी एक ते सव्वा मीटर, कारण दोन्ही बाजूंना बसून मधल्या ओळीपर्यंत हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडता कामा नये. बी फेकून न देता पाच ते साडेसात सेंटीमीटरवर रेघा ओढून त्यांत टाकायचं, कारण ओळीबाहेर जे उगवलं ते तण, हे नवख्या मजुरालाही कळतं. तरीही बहुतेक ठिकाणी बी फेकूनच टाकलं जातं. रेघा ओढण्यात अर्धा दिवस जातो हे कारण सांगतात. पुढे दाट रोपातून तण वेचण्यात बायकांच्या टोळीचे जे दिवस जातात ते त्या अर्ध्या दिवसाशी कुणी ताडून पाहत नाही.

ट्रायकोडर्मा आता प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतो. ही दुसऱ्या बुरशीवर जगणारी बुरशी आहे, पण ती जिवंत वस्तू आहे याचा विसर पडतो. तिला सेंद्रिय खत, ओल आणि सावली लागते. शेणखतात मिसळून आठ-पंधरा दिवस झाकून ठेवली तर ती वाढते, कोरड्या मातीवर भर उन्हात भुरभुरली तर मरते. त्यात गंमत अशी की दुकानातून येताना ट्रायकोडर्मा आणि कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक एकाच पिशवीतून येतात आणि एकाच दिवशी वाफ्यावर पडतात. कार्बेन्डॅझिम चांगली-वाईट बुरशी ओळखत नाही. पैसे देऊन आणलेला मित्र त्याच हाताने मारला जातो.

रोगजंतू आणि तणाचं बी एकाच वेळी कमी करण्याचा एक मार्ग एप्रिल-मेच्या उन्हात आहे. वाफे तयार करून भरपूर भिजवायचे, पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा मातीत दाबायच्या आणि महिना-दीड महिना तसेच ठेवायचे. कागद पारदर्शकच हवा, काळा नव्हे. काळा कागद स्वतः तापतो, पारदर्शक माती तापवतो. वरच्या थरातलं बहुतेक तणाचं बी आणि बरेचसे जंतू या उष्णतेत संपतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र टिकतात आणि कधीकधी कागदालाच भोक पाडून वर येतात.

उष्णतेचं हे काम कोकणाला नवं नाही. ठाणे, रायगड, पालघर, रत्नागिरीच्या भातशेतीत राब भाजण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या आहे. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरून पेटवायचं, आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचं. त्यातून आवण, म्हणजे भाताचं रोप, जोमदार निघतं आणि तण कमी, हा अनुभव. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, माती भुसभुशीत होऊन रोप मुळासकट सहज उपटतं. या राबासाठी लागणाऱ्या टहाळ्यांवरून एकोणिसाव्या शतकात ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांचा इंग्रज सरकारच्या वन खात्याशी मोठा तंटा झाला आणि १८८०च्या दशकातल्या मुंबई वन आयोगापुढे तो गाजला. कृषी विद्यापीठं आज राबाऐवजी गादीवाफा आणि कुजलेलं खत सांगतात आणि झाडं छाटून जाळण्याचा खर्च पाहता ते बरोबरच आहे. पण राब म्हणजे अडाणीपणा असं समजणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की प्लॅस्टिकचा कागद अंथरून जे साधायचं तेच तिथे विस्तवाने साधलं जात होतं.

आता तण. कांद्याइतकं तणापुढे दुबळं पीक क्वचितच असेल. सोयाबीन दीड महिन्यात पानांनी रान झाकतं आणि खालच्या तणाचं ऊन तोडतं. कांद्याची पात पोकळ, उभी आणि अरुंद. लागणीपासून काढणीपर्यंत तो जमिनीवर सावली पाडूच शकत नाही. मुळं उथळ, खत-पाणी वरच्या वितीभर मातीतूनच घेणार, आणि तणाची मुळंही तिथेच. लागणीनंतरचे पंधरा ते साठ दिवस निर्णायक मानले जातात. तेवढ्या काळात तण राहिलं तर उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, आणि त्यानंतर रान कितीही स्वच्छ केलं तरी गेलेला कांदा परत येत नाही.

खरिपात लव्हाळा, हराळी, केना, घोळ, माठ, दुधी, हिवाळ्यात चंदनबटवा. यातल्या निम्म्या तणांची भाजी होते. घोळ आणि चंदनबटवा खुरपणीच्या बायका ओट्यात वेगळा काढून घरी नेतात, आणि शहरात तोच चंदनबटवा जुडीला पैसे मोजून घेतला जातो. हराळी आणि लव्हाळ्याचं मात्र तसं काही नाही. १९७७ मध्ये लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांची यादी केली तेव्हा पहिलं नाव लव्हाळ्याचं होतं. तो उपटला की हातात फक्त पात येते. खाली एका बारीक धाग्यात ओवलेल्या काळपट गाठी तशाच राहतात. वरची गाठ तुटली की तिच्यामुळे झोपलेल्या खालच्या गाठी जाग्या होतात, आणि आठवड्याने एकाच्या जागी तीन लव्हाळे उभे राहतात. कांद्याला धक्का न लावता लव्हाळा मारील असं निवडक तणनाशक शेतकऱ्याच्या हातात नाही. म्हणून त्याचा बंदोबस्त कांद्याच्या आधीच्या पिकात किंवा उन्हाळी नांगरटीत, गाठी उन्हात वाळवून करावा लागतो.

गाजर गवताची वाट वेगळी. ते उकिरड्यावर वाढतं, फुलावर आल्यावर उपटून शेणखताच्या खड्ड्यात पडतं आणि खत नीट कुजलं नाही तर बी जिवंत राहून थेट वाफ्यात येतं. एक झाड हजारो बिया देतं. हे गवत अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं गावोगावी सांगतात. पण पुण्यात ते १९५५च्या सुमारास नोंदलं गेलं होतं आणि हा गहू पाठवण्याचा अमेरिकेशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. गव्हाबरोबर आणखी बी आलं असेलही. पहिला दोष मात्र त्याच्या माथी मारता येत नाही.

रोपवाटिकेत बी टाकल्याबरोबर, उगवण्यापूर्वी, ओल्या मातीवर पेंडीमिथॅलिन फवारतात. ते मातीच्या वरच्या थरात पातळ पडद्यासारखं राहतं आणि त्यातून वर येणारं तण मारतं. फवारल्यावर वाफ्यात कुदळ-खुरपं फिरवलं किंवा पाय दिले की तो थर तुटतो आणि पैसे वाया जातात. लागणीच्या आधी किंवा लगेच नंतर ऑक्सिफ्लोरफेन वापरतात. पातीवर पडलं तर पांढरे ठिपके उठतात, शेतकरी घाबरतो, पण नवी पात स्वच्छ येते. एवढं करूनही चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान एक खुरपणी चुकत नाही. पंधरा सेंटीमीटरच्या फटीत खुरप्याचं टोक चालवणं हे कसबाचं काम आहे. ते बहुतेक बायकाच करतात. टोक कांद्याला लागलं तर त्या जखमेतून सड शिरते आणि तो कांदा साठवणीच्या चाळीत दोन महिनेही टिकत नाही. इतक्या कसबाला शेतमजुरीच्या हिशेबात वेगळा भाव नाही, हे नमूद करायला हवं.

तणनाशकाचा उपद्रव अनेकदा कांद्यासाठी फवारलेल्या औषधातून न होता शेजारून किंवा मागून येतो. नाशिक जिल्ह्यात कांद्याआधी मका घेण्याची रीत आहे. मक्यात मारलेलं अॅट्राझीन जमिनीत बराच काळ टिकतं आणि कांदा त्याला फार हळवा आहे. मात्रा जास्त झाली किंवा पाऊस कमी पडला तर लावलेलं रोप शेंड्यापासून जळत येतं आणि त्यावर बुरशीनाशकं मारली जातात. उसातल्या टू-फोर-डीचा पंप साध्या पाण्याने खळबळून भाजीला वापरणं हा आणखी एक नेहमीचा प्रकार. यावर उपाय एकच: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं.

करपा म्हणून शेतकरी जे एका नावाने ओळखतो ते तीन वेगळे रोग आहेत. खरिपाच्या दमट, उबदार हवेत जांभळा करपा येतो. पातीवर लांबट खोलगट चट्टा, मध्ये जांभळी छटा, आणि पात तिथून मोडते. हिवाळ्यात थंडी, धुकं आणि ढगाळ हवा जुळली की तपकिरी करपा. पिवळसर लांब पट्टे शेंड्याकडे वाढत जातात. आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या रानात काळा करपा, ज्यात पात पिळवटते, मान लांब होते आणि कांदा पोसतच नाही. गावात त्याला पीळ पडला म्हणतात. तिन्हींची बुरशी वेगळी, लागणारं तापमान वेगळं. दुकानातून मिळणारं उत्तर मात्र पुष्कळदा एकच असतं.

यातली खरी मेख फुलकिड्यांत आहे. मिलिमीटरभर लांबीची ही कीड पातीच्या बेचक्यात, जिथे फवारा पोचत नाही तिथे लपते. ती पात खरवडून रस शोषते, रुपेरी चट्टे पडतात आणि खरवडलेल्या जागेतून करप्याला दार मिळतं. पात वाकडी झाली म्हणून नुसतं बुरशीनाशक मारणारा शेतकरी अर्धाच रोग पाहत असतो. कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो, पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळून जातात. औषधात स्टिकर घातला नाही तर बरंचसं औषध जमिनीवर पडतं. आणि आभाळ आलं की घाईघाईने एकाच टाकीत दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वर विद्राव्य खत असं मिश्रण तयार होतं. कशाने काय झालं हे मग कुणालाच सांगता येत नाही.

राजगुरुनगरच्या संस्थेची एक शिफारस औषधाविना आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कांदा लावण्याच्या महिनाभर आधी शेताच्या चारही बाजूंनी मक्याच्या दोन ओळी किंवा बाहेर मका आणि आत गव्हाची एक ओळ लावायची. फुलकिडे चांगले उडणारे नाहीत. वाऱ्यावर वाहत येतात आणि या हिरव्या भिंतीला अडतात. सगळे अडत नाहीत, पण फवारण्या कमी होतात. दुसरी साधी गोष्ट युरियाची. लागणीनंतर साठ दिवसांनी नत्र द्यायचं नाही, कारण त्यानंतर दिलेल्या नत्राने पात लुसलुशीत होते, माना जाड होतात, कांदा टिकत नाही आणि किडी-रोगांना आयतं खाद्य मिळतं. हे माहीत असूनही भाव वाढला की सत्तराव्या दिवशी युरियाची गोणी फुटते.

फवारणीला दुसरी एक बाजू आहे, ती सोडून पुढे जाता येणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उंच वाढलेली कपाशी, भर उन्हात उघड्या अंगाने चालणारं काम, एकत्र कालवलेली औषधं अशी कारणांची साखळी तिथे होती. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. त्यात पेंडीमिथॅलिन, ऑक्सिफ्लोरफेन, मॅन्कोझेब आणि कार्बेन्डॅझिम ही कांद्याच्या शेतातली रोजची नावं होती. पुढे या मसुद्यातली बहुतेक नावं बंदीतून सुटली. पण अशा यादीत आपली चार प्रमुख औषधं एकदम सापडतात, एवढ्यावरूनही एकाच बाटलीवर भिस्त ठेवलेली शेती किती अधांतरी आहे ते दिसतं.

दुसरीकडे रोपांचा धंदाच बदलत चालला आहे. नारायणगाव, जुन्नर, पिंपळगावच्या पट्ट्यात टोमॅटोचं रोप आता क्वचितच कुणी शेतात टाकतं. शेडनेटखाली, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, कोकोपीट भरून एकेका कप्प्यात एकेक बी; पंचवीस-तीस दिवसांनी मुळांच्या गड्ड्यासकट रोप शेतात जातं. माती नसल्याने मर कमी, तण जवळपास नाही, आणि बारीक जाळीमुळे विषाणू पसरवणारी पांढरी माशी निदान लहानपणी तरी दूर राहते. राज्य सरकारनेही २०२० पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने रोपवाटिकांसाठी अनुदानाची योजना सुरू केली. कांद्याला हे परवडत नाही. अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे ट्रे धरले तर एकरभर कांद्याला २,७०० हून अधिक ट्रे लागतील. एका कप्प्यात चार-पाच दाणे टाकून पाहण्याचे प्रयोग होतात, यंत्राने लागण करण्याचेही होतात. पण अजून बहुतेक कांदा ओणव्याने, हाताने लावला जातो.

म्हणूनच मजूर मिळेनासे झाल्यावर काही शेतकऱ्यांनी रोप टाकणंच सोडलं आणि बी थेट पेरायला सुरुवात केली. रुंद वाफ्यावर पेरणी यंत्र फिरवायचं, ठिबकने पाणी द्यायचं. लागणीचा मोठा खर्च वाचतो हे खरं. मात्र इथे एक जुनी गोष्ट नव्याने लक्षात येते. रोप उपटून लावण्याच्या पद्धतीत कांदा मोकळ्या रानात उतरतो तेव्हा पन्नास दिवसांचा असतो आणि तणाचा जन्मही झालेला नसतो. भाताच्या लावणीतही हाच फायदा आहे, वर खाचरातल्या पाण्याची जोड. पुनर्लागण हा तणावरचा जुना उपाय आहे, पण त्याचा खर्च मजुरीच्या खात्यात लिहिला जातो आणि फायदा कुठेच लिहिला जात नाही. थेट पेरलेल्या कांद्यात तण आणि पीक एकाच दिवशी उगवतात. तिथे खुरपं घालायला फट नसते, आणि उगवलेल्या कोवळ्या कांद्याला सोसेल असं तणनाशक, तेही अचूक अवस्थेत, निवडावं लागतं. भाताच्या थेट पेरणीतही पहिली तक्रार तणाचीच येते. थेट पेरणी ज्यांना साधली ते शेतकरी बहुधा असे निघतात, ज्यांनी आधीच्या दोन हंगामांत त्या रानातलं तण फुलावर येऊच दिलं नव्हतं.